सुक्याबरोबर ओलं

मे २०१२. मी चौदा वर्षांचा होतो, आठवीची परीक्षा संपली होती. सालेकसा तालुक्यातल्या आमच्या गावात मे म्हणजे तेंदूपत्त्याचे दिवस. पहाटे अर्धं गाव जंगलात जातं आणि दुपारी घराघरात सावलीला बसून पानांचे पुडके बांधले जातात. अशाच एका दुपारी गावातले एक काका घरी आले. ते कुठल्याशा संस्थेचे अध्यक्ष होते. बाबांना म्हणाले, "पोराला घेऊन जातो तासभर. वाचनालयात तपासणी आहे."

गावात वाचनालय आहे हे मला माहीत होतं, कारण पाटी होती. पाटीखाली दार होतं आणि दाराला कायम कुलूप. त्या दिवशी कुलूप निघालं होतं. आत चार लोखंडी कपाटं, एक लांब टेबल, त्या दिवसाची वर्तमानपत्रं आणि माझ्यासारखी सात-आठ पोरं. प्रत्येकाच्या हातात काहीतरी हवं म्हणून मला अंतराळावरचं एक पुस्तक देण्यात आलं. पानं एकमेकांना चिकटली होती. ती मी नखाने हळूहळू सोडवत वाचू लागलो. तहसीलकडून आलेल्या माणसांनी रजिस्टरं पाहिली, कपाटातली पुस्तकं मोजली, आमच्याकडे एकदा पाहिलं, सह्या केल्या आणि गेले.

मग आम्हाला एकेक आलुबोंडा मिळाला. मी तोवर शनीच्या कड्यांपर्यंत पोचलो होतो. काकांना विचारलं, "हे घरी नेऊ का? उद्या आणून देतो." ते म्हणाले, "ते रेकॉर्डचं पुस्तक आहे बेटा." पुस्तक कपाटात गेलं, कपाटाला किल्ली लागली, दाराला कुलूप लागलं.

त्या एका तासात मी सरकारच्या फसवणुकीत सामील झालो होतो. आणि त्याच एका तासात मी आयुष्यात पहिल्यांदा शाळेबाहेरचं पुस्तक वाचलं होतं. या दोन गोष्टी एकमेकींशेजारी ठेवून मी बऱ्याचदा विचार करतो. त्यातून एक प्रश्न तयार झाला आहे, तो तुमच्यापुढे मांडतो: काही लोक फसवतात म्हणून सगळ्यांवर संशय घेण्याचा अधिकार कुणाला असतो का? आणि असलाच, तर त्या संशयाची किंमत कुणी भरायची?

०००

आधी थोडी व्यवस्था समजून घेऊ. पुण्यात माझ्या टीममध्ये मी हे सांगतो तेव्हा लोकांना आश्चर्य वाटतं. गावातलं 'शासनमान्य सार्वजनिक वाचनालय' सरकार चालवत नाही. ते एखाद्या नोंदणीकृत संस्थेचं असतं. गावातली काही माणसं एकत्र येतात, धर्मादाय आयुक्तांकडे संस्था नोंदवतात, जागा मिळवतात, पुस्तकं जमवतात. सरकार त्या ग्रंथालयाला मान्यता देतं आणि दरवर्षी अनुदान देतं. पुस्तकं किती, सभासद किती, नियतकालिकं किती, दार किती तास उघडं, यावरून अ, ब, क, ड असे वर्ग पडतात.

हे काही देशभर असं नाही. तमिळनाडूत मालमत्ता कराबरोबर ग्रंथालय उपकर घेतला जातो आणि त्या पैशावर सार्वजनिक यंत्रणाच ग्रंथालयं चालवते. केरळमध्ये लोकांनी चालवलेल्या ग्रंथालयांमधूनच प्रतिनिधी निवडून ग्रंथालय परिषद तयार होते. महाराष्ट्राने उपकर लावला नाही. आपल्याकडे १९६७ साली सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून लोक स्वतःच ग्रंथालयं काढत होते. रत्नागिरीचं नगर वाचनालय १८२८ चं, पुण्याचं नगर वाचन मंदिर १८४८ चं, ठाण्याचं मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ चं. कोल्हापूर संस्थानाने तर १९४५ मध्येच ग्रंथालयाचा कायदा केला होता. म्हणजे ग्रंथालय लोकांनी काढायचं आणि सरकारने हातभार लावायचा, ही आपली जुनी सवय आहे. कायद्याने तिच्यावर शिक्का मारला.

मला ही रचना आवडते. सरकारकडे पैसा असतो, पण सुटीच्या दिवशीही सकाळी उठून दार उघडावंसं वाटणारा माणूस ते नेमू शकत नाही. गावाकडे असा माणूस असतो, पण त्याच्याकडे वर्तमानपत्राच्या बिलाचे पैसे नसतात. दोघांनी एकमेकांची उणीव भरून काढावी, अशी ही मांडणी आहे. मात्र ती चालते फक्त एका गोष्टीवर. पैसे देणाऱ्याला घेणाऱ्याबद्दल काहीतरी भरवसा हवा.

पैसे तरी किती? सगळ्यात लहान, म्हणजे ड वर्गाच्या ग्रंथालयाला २०१२ नंतर वर्षाला ३०,००० रुपये मिळत होते. महिन्याला अडीच हजार. त्यातली सुमारे निम्मी रक्कम ग्रंथपालाच्या वेतनाची. म्हणजे रोज दार उघडणाऱ्या माणसाला महिन्याला साडेबाराशे रुपये. २०२२ च्या अखेरीस अनुदानात ६० टक्के वाढ करण्याचा निर्णय झाला. त्या हिशेबाने तेव्हा ड वर्गाचं अनुदान वर्षाला ४८,००० झालं आणि ग्रंथपालाच्या वाट्याला महिन्याला दोन हजारांच्या आसपास आले.

या आकड्याशेजारी माझा स्वतःचा एक आकडा ठेवतो. मी नागपूरच्या एका खाजगी कॉलेजातून इंजिनिअरिंग केलं. ओबीसी विद्यार्थी म्हणून माझी निम्मी फी शासनाने भरली. ती रक्कम दरवर्षी एका ड वर्गाच्या ग्रंथालयाच्या अनुदानापेक्षा जास्त होती. एका मुलासाठी एका कॉलेजला जेवढं मिळत होतं, त्यापेक्षा कमी पैशात एका अख्ख्या गावाने वाचायचं होतं. माझी फी भरली गेली याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण एवढ्या वर्षांत मी खरंच वर्गात बसतो का हे पाहायला तहसीलमधून कुणी आलं नाही, हेही लक्षात ठेवतो.

०००

ज्या तपासणीत मी 'वाचक' झालो, ती आमच्या गावापुरती नव्हती. राज्यात तेव्हा बारा हजारांच्या आसपास अनुदानित ग्रंथालयं होती. त्यातली बरीच कागदावरच आहेत, अशा तक्रारी होत्या, म्हणून २०१२ साली महसूल यंत्रणेकडून सगळ्यांची पडताळणी झाली. हजारो ग्रंथालयांत त्रुटी निघाल्या. त्यानंतर नव्या ग्रंथालयांना मान्यता देणं आणि जुन्यांचा वर्ग वाढवणं थांबलं, आणि वर्षानुवर्षं थांबलेलंच राहिलं.

आमच्या गावातलं कुलूपबंद वाचनालय मात्र त्या तपासणीत पास झालं.

मोठेपणी ते मला आपोआप समजलं. ज्या ग्रंथालयात कुणी येत नाही, त्याचं रेकॉर्ड चांगलं असणारच. पुस्तकं जागच्या जागी असतात, कारण ती कुणी हलवलेली नसतात. पानं फाटलेली नसतात. रजिस्टर एका शाईत, एका हस्ताक्षरात, निवांत बसून भरलेलं असतं. उलट ज्या वाचनालयात रोज वीस पोरं येतात, तिथे चार पुस्तकं हरवलेली असतात, सहा जणांच्या घरी पडलेली असतात, दोन पावसात भिजलेली असतात. नोंदवहीत मधलेच दिवस कोरे असतात, कारण त्या दिवशी ग्रंथपाल रोवणीला गेलेला असतो. तपासणीत आधी अडकतो तो तपासणीला तोंड कसं द्यायचं हे माहीत नसलेला माणूस. खोटेपणात मुरलेल्याला ते पाठ असतं.

असं तोंड देता न येणारे एक गृहस्थ आमच्याच गावात होते. त्यांचं नाव लिहीत नाही. गावात सगळे त्यांना गुरुजी म्हणतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाल्यावर २०१६ मध्ये त्यांनी आपल्या घराच्या ओसरीत वाचनालय सुरू केलं. दोनेकशे पुस्तकं, दोन वर्तमानपत्रं, एक ट्यूबलाइट. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं संध्याकाळी तिथे बसू लागली. त्यांच्या मागोमाग लहान भावंडं येऊ लागली. कुणाच्या घरी पोवारी बोलतात, कुणाच्या घरी गोंडी, कुणाच्या घरी छत्तीसगडी. मराठी पुस्तक मोठ्याने वाचण्याची सवय त्या ओसरीत लागली.

गुरुजींनी सात माणसं जमवली, संस्था नोंदवली, गोंदियाला चार खेपा घातल्या. मग मान्यतेसाठी विचारायला गेले. त्यांना सांगितलं गेलं की नवीन मान्यता बंद आहे. त्यांनी विचारलं, "का?" उत्तर मिळालं, "बोगस फार झाली होती."

परत आल्यावर त्यांनी मला फोनवर हे सांगितलं तेव्हा ते चिडलेले नव्हते. फक्त म्हणाले, "अरे, आपल्या गावात एक आहे ना ते कुलूपवालं, त्याला मिळून राहिलं. मला म्हणतात तुम्ही बोगस असाल."

आपल्याकडे म्हणतात, सुक्याबरोबर ओलंही जळतं. इथे तर उलटंच झालं होतं. सुकं तसंच राहिलं आणि नुसतं ओलं जळलं.

०००

मी पुण्यात एका पेमेंट कंपनीत काम करतो. तुम्ही फोनवरून कुणाला पैसे पाठवता तेव्हा मधल्या काही क्षणांत एक प्रोग्रॅम ठरवत असतो की हा व्यवहार खरा आहे की फसवणुकीचा. त्या प्रोग्रॅमचा एक लहानसा भाग माझ्याकडे आहे. त्यामुळे संशय कसा घ्यायचा हा माझ्या पोटापाण्याचा प्रश्न आहे.

या कामात पहिल्याच महिन्यात एक गोष्ट शिकवली जाते. चूक दोन प्रकारची असते. एक, फसवणूक सुटून जाते. दोन, खऱ्या माणसाचा व्यवहार अडवला जातो. एक चूक कमी करायला गेलात की दुसरी वाढते. दोन्ही एकाच वेळी शून्य करता येत नाहीत. नियम कडक केला तर चोर कमी सुटतात, पण दवाखान्याच्या काउंटरवर उभ्या असलेल्या बाईचं पेमेंटही अडकतं. म्हणून आमच्याकडे कुणी "फसवणूक शून्य करा" म्हणत नाही. फसवणूक शून्य करायची असेल तर उपाय सोपा आहे, सगळे व्यवहार बंद करा.

ग्रंथालयांच्या बाबतीत नेमकं हेच झालं. नवीन बोगस ग्रंथालय निघू नये म्हणून नवीन ग्रंथालयच निघू दिलं नाही. या उपायाने नवी फसवणूक शून्य झाली, हे मान्य करावं लागेल.

पण मला जास्त सतावणारी गोष्ट पुढची आहे. या दोन चुकांचं वजन सारखं नसतं. बोगस ग्रंथालय सापडलं तर त्याची बातमी होते, फाइल होते, कुणालातरी नोटीस जाते, विधानसभेत प्रश्न येतो. न निघालेल्या ग्रंथालयाचं काहीच होत नाही. त्याची फाइल नसते. ज्या मुलीने तिथे बसून पहिली कादंबरी वाचली असती, ती तक्रार करत नाही, कारण आपल्याला काय मिळालं नाही हे तिला माहीतच नसतं. महाराष्ट्रात ४० हजारांहून जास्त गावं आहेत. ज्या गावांत ग्रंथालय निघू शकलं असतं आणि निघालं नाही, त्यांची यादी कुणाच्याच टेबलावर नाही.

त्यामुळे खुर्चीवरच्या प्रामाणिक अधिकाऱ्यालाही एकच चूक दिसते. भरवसा ठेवला आणि फसला, तर त्याला जाब विचारला जातो. भरवसा ठेवला नाही आणि एक चांगलं काम मेलं, तर त्याला कुणी विचारत नाही. मीही त्याच्या जागी असतो तर 'नाही'च म्हणालो असतो. माणूस वाईट असायची गरज नाही. हिशेबाची वही एकाच बाजूने लिहिलेली असली की पुरे.

कायद्याच्या जगात आपण उलटी शिकवण ऐकत मोठे होतो. शंभर अपराधी सुटले तरी चालतील, पण एका निरपराध माणसाला शिक्षा होऊ नये. तुरुंगाच्या बाबतीत आपण हे मानतो, निदान बोलताना तरी. अनुदानाच्या बाबतीत आपण बरोबर विरुद्ध वागतो, आणि त्याला 'पारदर्शकता' म्हणतो.

०००

यावर एक गंभीर आक्षेप आहे आणि तो मी टाळणार नाही. माझा एक मित्र मंत्रालयात नोकरी करतो. हे सगळं ऐकल्यावर तो म्हणाला, "तू स्वतःच्या पैशावर भरवसा ठेवू शकतोस. मी दुसऱ्याच्या पैशावर ठेवू शकत नाही. तो पैसा करदात्यांचा आहे. उदार होण्याचा मला अधिकारच नाही."

तो बरोबर बोलतो. सार्वजनिक पैसा हा ठेव असतो आणि ठेवीच्या राखणदाराने भोळं असू नये. आमच्या गावातल्या काकांना वर्षानुवर्षं मिळालेला पैसा कुणाचा होता? पाच रुपयांचा बिस्किटपुडा घेताना कर भरणाऱ्या मजुराचाही होता. त्याच्या वतीने कुणीतरी चिडायलाच हवं.

पण हाच युक्तिवाद दुसऱ्या बाजूनेही लागू होतो, हे मित्राच्या लक्षात आलं नाही. तो पैसा त्या मजुराचा आहे, म्हणूनच तो त्याच्या मुलीपर्यंत पोचायला हवा. ठेव सांभाळणं म्हणजे ती चोरीला न जाऊ देणं, एवढंच नाही. ज्याच्यासाठी ठेवली आहे त्याला ती वेळेवर देणं, हाही सांभाळण्याचाच भाग आहे. पेटीची किल्ली हरवू नये म्हणून विहिरीत टाकणाऱ्याला आपण चांगला राखणदार म्हणत नाही.

ब्रिटिश तत्त्वज्ञ ओनोरा ओनील यांनी २००२ मध्ये बीबीसीवर दिलेल्या व्याख्यानांत एक मुद्दा मांडला होता. त्यांचं म्हणणं साधारण असं: आपण भरवसा कमी झाला म्हणून तपासण्या वाढवतो, पण तपासण्यांनी भरवसा वाढतोच असं नाही. उलट चांगलं काम करणारा माणूस काम सोडून नोंदी करत बसतो. आपल्याला खरं तर सरसकट जास्त भरवसा नको आहे. भरवशाला लायक कोण आणि नालायक कोण हे ओळखण्याची अक्कल हवी आहे. हे वाचताना मला काकांचं एका शाईतलं रजिस्टर आठवलं.

०००

इथपर्यंत मी सरकारबद्दल बोललो. आता माझ्याबद्दल.

२०२० मध्ये मला नोकरी लागली ती लॉकडाउनमध्ये. पहिले सात-आठ महिने मी गावातूनच काम केलं. घरात नेटवर्क नसायचं, ते गुरुजींच्या ओसरीच्या कोपऱ्यात मिळायचं. तिथे लॅपटॉप मांडीवर घेऊन मी कोड लिहायचो आणि शेजारी पोरं अंतर राखून वाचत बसायची. पुण्याला परतलो तेव्हा ठरवलं, सरकार देत नाही तर मी देतो. २०२१ पासून गुरुजींना दर महिन्याला तीन हजार रुपये पाठवू लागलो. ड वर्गाच्या तेव्हाच्या अनुदानापेक्षा जास्त. याचा मला अभिमान होता, हे कबूल करतो.

मग मी इंजिनिअर असल्यासारखा वागलो. एक गुगल शीट बनवली. तारीख, किती मुलं आली, किती पुस्तकं दिली, किती परत आली. गुरुजींना म्हटलं, रोज एक फोटो टाकत जा, म्हणजे मलाही बरं वाटेल. 'बरं वाटेल' हा माझा शब्द होता. आता विचार केला तर तो प्रामाणिक नव्हता. मी तपासत होतो.

दोन वर्षं फोटो येत राहिले. मी मीटिंगच्या मधे ते पाहायचो आणि अंगठा दाखवायचो. २०२३ च्या पावसाळ्यात एका फोटोवर मी थांबलो. सहा मुलं, सहा पुस्तकं, सगळी कॅमेऱ्याकडे तोंड करून. एका मुलाने पुस्तक छातीशी उभं धरलं होतं, मुखपृष्ठ माझ्याकडे वळवून. अशा प्रकारे धरलेलं पुस्तक वाचता येत नाही, ते फक्त दाखवता येतं. मी मागचे फोटो काढून पाहिले. बऱ्याच फोटोंत तीच मुलं होती, त्याच क्रमाने बसलेली.

माझ्या डोक्यात काय आलं ते लिहायला लाज वाटते. आलं की गुरुजीही? रोज संध्याकाळी आसपासची सहा पोरं बोलावून फोटो काढतात की काय?

दिवाळीला गावी गेलो तेव्हा न सांगता संध्याकाळी ओसरीवर पोचलो. म्हणजे मी चक्क धाड टाकली. ओसरीवर चौदा-पंधरा मुलं होती. कुणी पालथं पडून वाचत होतं, दोघी एकाच पुस्तकावरून भांडत होत्या, एक जण चित्रांवर पेन्सिलने मिशा काढत होता. मला पाहताच एक मोठी मुलगी ओरडली, "चला रे, फोटो!" आणि सगळी मुलं हातातलं टाकून भिंतीशी रांगेत येऊन बसली. ज्यांचे कपडे बरे होते ती पुढे.

गुरुजी हसले. म्हणाले, "तुझ्यासाठी रोज दहा मिनिटं वाचन बंद ठेवतो आम्ही. तू तिकडे पाहून राहिला ना, मग नीट बसलेली पाहिजेत."

मी विचारलं, "गुरुजी, तुम्ही मला कधी म्हणाला नाहीत की हे नको म्हणून?"

ते म्हणाले, "पैसे तुझे होते बाबा. पैसे देणाऱ्याला कसं म्हणायचं?"

मला एकदम आलुबोंड्याची चव आठवली. अकरा वर्षांपूर्वी काकांनी मला ज्या तऱ्हेने बसवलं होतं, त्याच तऱ्हेने मी या मुलांना बसवलं होतं. फरक एवढाच की काकांचं वाचनालय खोटं होतं आणि गुरुजींचं खरं. माझ्या संशयाने खऱ्यालाच रोज दहा मिनिटं खोटं वागायला लावलं होतं.

०००

मग करायचं काय? तपासू नये, असं मी म्हणत नाही. माझी नोकरीच जाईल. पण चार गोष्टी मला पटल्या आहेत.

एक, रक्कम लहान असेल तर आधी द्यावं आणि नंतर पाहावं. वर्षाच्या एवढ्याशा रकमेसाठी कितीदा तपासणी करायची, त्या तपासणीचा खर्च किती, गुरुजींसारख्या माणसाच्या चार खेपांचं मोल किती, हेही हिशेबात धरावं.

दोन, पाहायचं असेल तर वापरणाऱ्यांच्या डोळ्यांनी पाहावं. आमच्या गावातलं वाचनालय कुलूपबंद आहे हे गावातल्या प्रत्येक पोराला माहीत होतं. तपासणीला आलेल्यांनी रजिस्टराऐवजी बाहेरच्या पानठेल्यावर विचारलं असतं तर दोन मिनिटांत उत्तर मिळालं असतं. हे स्वप्नरंजन नाही. शेजारच्या गडचिरोलीत मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सामूहिक वनहक्क मिळाले. त्या गावाने बांबू विकला आणि त्या पैशाचा कारभार ग्रामसभेच्या नजरेसमोर चालवला. तिथला पैसा तर ग्रंथालयाच्या अनुदानाच्या कितीतरी पट होता. ज्याचा पैसा आहे तोच तपासनीस झाला की त्याच्यासाठी रांगेत बसून दाखवावं लागत नाही.

तीन, जो फसवतो त्याला पकडून त्याचंच अनुदान बंद करावं. हे कष्टाचं काम आहे. सगळ्यांसाठी दार बंद करणं सोपं असतं, म्हणून ते केलं जातं. कष्ट टाळण्याला कडक शिस्त हे नाव देऊ नये, एवढंच.

चार, दुसरी चूकही मोजावी. दरवर्षी किती बोगस सापडले हे छापतो तसं किती गावांनी मागितलं आणि त्यांना मिळालं नाही, हेही छापावं. आमच्या कंपनीत खऱ्या ग्राहकाला किती वेळा अडवलं याचा आलेख रोज सकाळी भिंतीवरच्या स्क्रीनवर असतो. तो पाहून आम्हाला लाज वाटावी, हाच त्याचा उपयोग.

आणि एक गोष्ट माझ्यासारख्यांसाठी, जे महिन्याला थोडे पैसे गावाकडे पाठवतात आणि आपण सरकारपेक्षा बरे आहोत असं समजतात. माझे तीन हजार उद्या थांबू शकतात. नोकरी जाऊ शकते, लग्न होऊ शकतं, मन बदलू शकतं. अनुदान कमी असलं, उशिरा आलं, तरी ते कुणाच्या मनावर अवलंबून नसावं, हाच त्याचा अर्थ आहे. मी देतो ती मदत आहे. गावाला मिळायला हवा तो हक्क. मदत घेणारा म्हणतो, पैसे तुझे होते बाबा. हक्काचं घेणाऱ्याला असं म्हणावं लागत नाही. म्हणून गुरुजींनी मान्यतेचा नाद सोडू नये असं मला वाटतं, आणि त्यांनाही तसंच वाटतं.

ती शीट मी त्या दिवाळीतच डिलीट केली. फोटोही बंद झाले. त्याऐवजी गुरुजींना एकच विनंती केली: वर्षातून एकदा, कोणती पुस्तकं हरवली आणि कोणती फाटली, तेवढी यादी पाठवा. म्हणजे नवीन प्रती घेता येतील.

यंदाची यादी गेल्या आठवड्यात आली. अकरा पुस्तकं परत आलेली नाहीत. सात फाटली आहेत. एकासमोर गुरुजींनी लिहिलं आहे, "कोणी नेलं माहीत आहे. मागितलं नाही. दुसऱ्यांदा वाचून राहिला."